ढिगाचा अंदाज

संत्रे सोलायला अंगठा लागतो, हे एरवी कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझ्या थोरल्या भावाची नागपूरला कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत होती आणि बोलणी सुरू करण्याची त्याची एक रीत होती. समोर बसलेल्या शेतकऱ्याच्याच ढिगातले एक फळ उचलायचे, देठाजवळ अंगठ्याचे नख खुपसायचे, साल मोडू न देता फळ एका दमात उघडे करायचे आणि अर्धे त्याच्या तळहातावर ठेवायचे. मग मालाच्या भावाची गोष्ट. आंबिया बहाराच्या एका हंगामात तो फळ हमालाकडे सोलायला देऊ लागला, तेव्हा आम्ही म्हणालो की दादा आता शेठ झाला. तो हसला. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसत चालला होता आणि अंगठा व तर्जनी यांच्या मध्ये खळगा पडला होता, हे कोणी पाहिले नाही. करंगळीकडची बाजू मात्र पूर्वीसारखीच भरलेली होती. एकाच तळहाताची एक बाजू सुकते आणि दुसरी टिकते, या खुणेला डॉक्टर ‘स्प्लिट हँड’ म्हणतात, हे मला पुढे कळले.

आधी मानेचा एमआरआय झाला. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या मानेच्या मणक्यांत काही ना काही सापडतेच, तसे सापडले. एका ठिकाणी तर गादीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापर्यंत वेळ आली होती. ती टळली ती रामदासपेठेतल्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंमुळे. त्यांनी दादाला शर्ट काढायला सांगितले आणि काही न बोलता त्याच्या दंडाकडे आणि खांद्याकडे चांगली दोन मिनिटे नुसते पाहत राहिल्या. कातडीखाली स्नायू आपोआप फुरफुरत होते, जसे पाण्याच्या पृष्ठभागाखाली काहीतरी हलावे. मग जीभ पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, स्नायूंतली वीज तपासणारी ईएमजी ही चाचणी करायला पाठवले. निदान झाले मोटर न्यूरॉन डिसीज, त्यातला एएलएस, म्हणजे अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, हा प्रकार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशी एकेक करून मरत जातात. हात जातो, पाय जातो, बोलणे आणि गिळणे जाते, शेवटी श्वास.

निदान कळल्यावर घरी येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी बोलत असे. एक, कोणत्या तरी गावच्या वैद्याचा पत्ता. दुसरी, स्टीफन हॉकिंग. हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी हा आजार असल्याचे सांगण्यात आले आणि ते २०१८ पर्यंत जगले, हे खरे आहे. पण बहुतेक रुग्णांना पहिल्या लक्षणापासून दोन ते पाच वर्षेच मिळतात. आयुष्याची तुलना आम्ही लवकरच सोडून दिली. त्या उदाहरणातून मनात बसलेली दुसरी समजूत मात्र सुटली नाही: शरीर कितीही गेले तरी आतला माणूस जसाच्या तसा असतो, काचेआड बसल्यासारखा, सगळे पाहत, सगळे समजत. तो आधार मोठा होता. दादाचा हात गेला तरी दादा आहे, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो.

ही समजूत काही आमचीच नव्हती. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ मध्ये या आजाराचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याला आजचे लांबलचक नाव दिले, तेव्हापासून बुद्धी आणि मन त्यातून वाचतात असेच शंभरावर वर्षे बहुतेक वैद्यकशास्त्र मानत आले. मधूनमधून कोणी डॉक्टर वेगळे वागणाऱ्या रुग्णाची नोंद करीत असे, पण ती अपवाद म्हणून बाजूला पडत असे.

आमच्या घरातही नोंदी बाजूला पडत होत्या. पोळ्याच्या दिवशी वहिनी सांबारवडी तळत होती. तेल उडून तिचे मनगट भाजले, ती ओरडली, झारा खाली पडला. दादा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिले, खाली पडलेल्या झाऱ्याकडे पाहिले आणि विचारले, “दुसरा घाणा झाला का?” त्या आवाजात चीड नव्हती, चेष्टाही नव्हती. भाचीने नळाखाली आईचा हात धरला आणि बापाकडे अशा नजरेने पाहिले की मी ती नजर अजून विसरले नाही.

त्यानंतर आठवायला बसले तेव्हा एकेक गोष्ट रांगेने उभी राहिली. ज्याचा फोन दिवसभर कानाला असायचा, तो फोन वाजला तरी उचलत नव्हता. एकाच शेतकऱ्याला एकाच मालाची उचल त्याने दोनदा दिली होती. ज्याने आयुष्यात गोडाला फारसा हात लावला नाही, त्याला रोज संध्याकाळी संत्राबर्फीच हवी होती, तीही त्याच पेटीतली, आणि ती संपेपर्यंत तो थांबत नसे. आणि तरीही हाच माणूस दूरदर्शन संचावरच्या कसल्याशा जाहिरातीला हुंदके देऊन रडत असे, नात्यातल्या एका तेराव्याला त्याला हसू आवरले नव्हते. आम्ही सगळ्यांनी मिळून निकाल दिला की तो मनातून खचला आहे, हट्टी झाला आहे. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्याही दिल्या. वहिनीचा निकाल याहून साधा होता. “आता त्यांना आमची गरज फक्त हातापायांपुरती,” ती म्हणाली.

वहिनीने हे न्यूरॉलॉजिस्ट बाईंना सांगितले नाही. मी सांगितले, तेही दादा व्हीलचेअरवरून बाहेर गेल्यावर, चुगली केल्यासारखे. त्यांना आश्चर्य वाटले नाही. पुढच्या खेपेला त्यांनी अर्धा तास राखून ठेवला आणि त्याच्याशी एक खेळ खेळल्या. एका मिनिटात ‘प’ या अक्षराने सुरू होणारे जितके शब्द आठवतील तितके सांगा. दादा म्हणाला, “पाणी. पान. परात. पेरू.” मग थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जात राहिला. “पाणी,” तो पुन्हा म्हणाला. या माणसाने आयुष्यभर बोलण्यावर पोट भरले होते.

त्याची जीभ जड झाली होती, म्हणून असे झाले असेल, असे मी लगेच म्हटले. पण त्याचीही सोय या चाचणीत आहे. जे शब्द रुग्णाने सांगितले तेच नंतर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतात, त्याला लागलेला वेळ मूळ मिनिटातून वजा करतात आणि उरलेल्या वेळेला शब्दांच्या संख्येने भागतात. म्हणजे जिभेचा संथपणा बाजूला होऊन एक शब्द शोधायला मेंदूला किती वेळ लागला एवढेच हाती येते. एडिंबरा येथे खास एएलएससाठी तयार झालेल्या ईकॅस नावाच्या चाचणीत हे आहे. पंधरा-वीस मिनिटांची ती चाचणी बोलून किंवा लिहून, जे शक्य असेल तसे देता येते, कारण हात गेलेल्या माणसाकडून चित्र काढून घेऊन त्याची बुद्धी मोजणे हा शुद्ध अन्याय आहे.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे इथे माझे मन जरा भरकटले. मूळ इंग्रजी चाचणीत आधी ‘एस’ने सुरू होणारे शब्द विचारतात आणि मग ‘टी’ने सुरू होणारे, पण नेमके चार अक्षरी. मराठीत हे कसे करायचे? ‘प’ म्हटल्यावर पा, पि, पु, पे ही सारी बाराखडी धरायची की नाही? ‘प्रसाद’ चालेल का? ‘टोपली’ तीन अक्षरी खरी, पण इंग्रजी हिशेबाने मोजली तर निराळीच. ज्याने पाटीवर बाराखडी गिरवली त्याच्या डोक्यात शब्दांची कपाटे ‘एस’ आणि ‘टी’च्या खणांत लावलेली नसतात. चाचणीचे नुसते भाषांतर करून भागत नाही, ती भाषेत नव्याने बांधावी लागते. बाईंनी ‘प्रसाद’ चालेल असे सांगितले होते, पण दादा तिथपर्यंत पोहोचलाच नाही.

मग मेंदूचा एमआरआय. गळ्यातला ताईत आणि कमरेचा चांदीचा करदोडा काढावा लागला. अंगठी काढावी लागली नाही, ती आधीच बोटातून गळून पडू लागली म्हणून वहिनीने कपाटात ठेवली होती. खरी अडचण वेगळीच होती. श्वासाचे स्नायू दुबळे झालेल्या माणसाला पाठीवर सपाट झोपवले की दम लागतो आणि तोंडातली लाळ घशात उतरते. दादा कसाबसा वीस-पंचवीस मिनिटे झोपू शकला. बाहेर बाकावर बसून यंत्राची ठकठक ऐकताना माझ्या मनात आले की ज्यांना तेवढेही झोपता येत नाही, त्यांच्या मेंदूची चित्रे कुणाकडेच नसणार. पुढे वाचनात आले की संशोधकही हीच खंत मांडतात: अभ्यासात येतात ते बहुधा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले, बरे झोपू शकणारे रुग्ण.

अहवाल आला: वयोमानानुसार बदल, अन्य काही विशेष नाही. वहिनीने तो दोनदा वाचून घेतला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. “म्हणजे मेंदू चांगला आहे,” ती म्हणाली, आणि पुढचे वाक्य बोलली नाही. मेंदू चांगला असेल तर मग तो मुद्दामच असे वागतो, हे ते वाक्य.

या एका अहवालाने आमच्या घराचे जे नुकसान केले असते, ते बाईंनी पाच मिनिटांत थांबवले, आणि मला पुढचे काही महिने रात्री जागवले. त्यांनी सांगितले की नेहमीचा एमआरआय हा या आजारात मुख्यतः दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. गाठ नाही, मज्जारज्जूवर दाब नाही, एवढे तो सांगतो. विचार आणि वागणूक का बदलली याचे उत्तर त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर नुसत्या डोळ्यांनी बहुतेक वेळा दिसत नाही. ते दिसले आहे, पण निराळ्या पद्धतीने आणि पुष्कळ मेंदू एकत्र ठेवून.

लंडनमधल्या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास माझ्या मनात घर करून आहे, कारण त्यातला खेळ तोच होता. एएलएसच्या रुग्णांना अक्षरावरून शब्द सांगायला लावायचे आणि त्याच वेळी पेट स्कॅनने मेंदूतला रक्तप्रवाह पाहायचा. ज्यांना शब्द सुचत नव्हते त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग, कपाळामागचा फ्रंटल लोब, त्या कामासाठी जितका जागा व्हायला हवा तितका जागा होत नव्हता. म्हणजे दादा ‘पेरू’नंतर थांबला तेव्हा तो आळस करीत नव्हता. शब्द कपाटात होते; कपाटापर्यंत जाऊन खण उघडणारा गडी उठत नव्हता.

पेटचा दुसरा प्रकार किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देऊन मेंदूचा कोणता भाग किती साखर जाळतो ते पाहतो, आणि या आजारात पुढच्या भागाची चूल मंद झालेली त्यात दिसते. डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग हा एमआरआयचाच प्रकार पाण्याच्या रेणूंची हालचाल पाहतो: मज्जातंतूंची जुडी धड असेल तर पाणी तिच्या लांबीने सरकते, जुडी विस्कटली की ते चहूकडे पसरते. मेंदूकडून मज्जारज्जूकडे हुकूम नेणारी वाट विस्कटलेली दिसणे अपेक्षितच होते. पण दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कलोसम आणि कपाळामागच्या वाटाही बाधित दिसल्या. ज्यांच्यात उदासीनता अधिक, त्यांच्यात फ्रंटल लोबमधले आणि सिंग्युलेट या पट्ट्यातले बदल अधिक, असा संबंधही अभ्यासांत आढळला आहे. मनात इच्छा उठणे आणि ती पायरी ओलांडून कृतीपर्यंत येणे, हे काम त्या भागाचे. उदासीनता हा या आजारातला वागणुकीचा सर्वांत जास्त आढळणारा बदल आहे. नैराश्य आणि ही उदासीनता वेगळी. नैराश्यातल्या माणसाला दुःख होते; दादाला दुःख होत नव्हते, आणि ते दुःख आम्ही त्याच्या वाटचे करीत होतो.

जाहिरातीला येणारे रडू आणि तेराव्याचे हसू यांचाही खुलासा झाला. हसण्या-रडण्याचा लगाम धरणाऱ्या मार्गांना इजा झाली की चेहरा आणि गळा आपापले काम करू लागतात, आत भावना असो वा नसो. एकाच माणसाचे अश्रू आपोआप वाहत होते आणि बायकोच्या भाजलेल्या हातासाठी मात्र त्याच्याकडे काही नव्हते. आम्ही या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवून त्याच्यावर खटला चालवीत होतो.

साधारण निम्म्या रुग्णांत विचारात किंवा वागण्यात थोडाफार बदल आढळतो, आणि दहापैकी एखाद-दुसऱ्यात तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियापर्यंत, म्हणजे माणसाचा स्वभाव आणि विचारच पालटून टाकणाऱ्या मेंदूच्या आजारापर्यंत, जातो. २००६ मध्ये टीडीपी-४३ हे प्रथिन दोन्ही आजारांत पेशींमध्ये गोळा झालेले सापडले आणि २०११ मध्ये नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला एकच दोष दोन्हींना कारण होऊ शकतो हे कळले. मग स्नायूंचा आजार आणि स्वभावाचा आजार यांमधली भिंत राहिलीच नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून २०१३ मध्ये या प्रथिनाच्या प्रसाराचे चार टप्पे मांडले गेले: आधी हालचालींचा प्रदेश, मग कपाळामागचा भाग, मग खोलवरची केंद्रके, शेवटी टेम्पोरल लोब आणि स्मृतीचा हिप्पोकॅम्पस. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या उल्म येथील गटाने त्या टप्प्यांना जुळणाऱ्या वाटा जिवंत रुग्णांच्या डिफ्यूजन चित्रांत पाहिल्या.

हे सगळे वाचून मी बाईंना विचारले की मग दादाचेच असे चित्र का काढत नाही? त्यांनी जे उत्तर दिले ते दादाला त्याच्या चांगल्या दिवसांत लगेच कळले असते. ही चित्रे मोठ्या संख्येने जमवलेल्या मेंदूंची एकमेकांवर ठेवून काढलेली सरासरी असते. प्रत्येक मेंदू गणिताने एका समान साच्यात बसवतात, निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडून पाहतात, आणि फरकाच्या जागा रंगवतात. त्या लालपिवळ्या रंगाचा ठिपका कोणा एकाच्या डोक्यात नसतो. एका माणसाचे चित्र हातात घेऊन याची माया इथे आटली असे बोट ठेवता येत नाही. लिलावात भाव ढिगाला मिळतो. त्यातले एखादे फळ आतून कसे आहे, ते सोलल्याशिवाय कळत नाही.

आणि तरीही त्या ढिगाच्या भावाने आमचे घर बदलले. दादाच्या मेंदूचे असे एकही चित्र न काढता, परदेशातल्या अनोळखी माणसांनी सपाट झोपून काढू दिलेल्या चित्रांमुळे, भाचीने बापाकडे पुन्हा सरळ पाहिले. रुग्णाच्या लुळ्या हातापायांपेक्षा त्याची बदललेली वागणूक घरच्यांना जास्त थकवते, असे अभ्यासही सांगतात. त्यासाठी मला अभ्यासाची गरज नव्हती. बँकेचे व्यवहार वेळेत भाचीच्या हाती गेले. “काय खाशील?” असे विचारणे बंद करून “पोहे देऊ की उपमा?” असे विचारू लागलो. घास तो भराभर तोंडात कोंबायचा आणि ठसका लागायचा, म्हणून ताटात एका वेळी थोडेच वाढू लागलो. रात्रीचा श्वासाचा मास्क तो ओढून काढी. विचारशक्तीवर परिणाम झालेल्यांना हा मास्क अनेकदा सोसत नाही आणि त्यांचे आयुष्यही तुलनेने कमी असते, हे मी वाचले होते. ते मात्र मी कोणाला सांगितले नाही.

वहिनी सगळे ऐकून घेई, पण पूर्ण पटवून घेत नसे. “सगळेच आजारावर ढकलू नका,” ती एकदा म्हणाली. “चहाला उशीर झाला की कप सरकवून देणारे हेच होते, पंचवीस वर्षांपूर्वी. तेव्हा कुठला आला आजार?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, अजून नाही. आजार कुठे सुरू झाला आणि माझा भाऊ कुठे संपला, ही रेघ कोणत्याच यंत्राला काढता आलेली नाही. आणि ती निघाली असती तरी वहिनीने स्वतःच्या हिशेबाने ती जरा अलीकडे ओढली असती, तो तिचा हक्कच होता.

फेब्रुवारीत मृग बहाराचा माल सुरू झाला, तेव्हा त्याच्या जुन्या हमालाने एक टोपले घरी आणून दिले. वहिनीने ते दादाच्या खुर्चीसमोर सतरंजीवर ओतले. तो आपणहून काही बोलला नाही. आता तो आपणहून काही बोलत नसे. मी विचारले, “दादा, किती असतील?” पूर्वी बाजारात ढिगाकडे नुसते पाहून तो आकडा सांगायचा आणि मोजणाऱ्यावर हसायचा. त्याची नजर ढिगावरून एकदा डावीकडून उजवीकडे फिरली. जड जिभेने, पण थांबल्याशिवाय, तो म्हणाला, “साठ.”

मी खाली बसून पाचापाचांनी मोजली. अठ्ठावन्न निघाली. पूर्वी दोनाचा फरक पडला असता तर माझी मोजणी चुकली म्हणून त्याने मला पुन्हा मोजायला लावले असते, टोपल्याचा तळ पाहायला लावला असता, हमालाला आवाज दिला असता. मी आकडा सांगायला मान वर केली. तो खिडकीकडे पाहत होता. किती भरली, हे त्याने विचारले नाही.